खाँसाहेबांचं गाणं कुणाचं?

मी शाळेत उर्दू आणि मराठी, दोन्ही विषय शिकवतो. एकदा वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, कव्वाली आपली आणि भजन त्यांचं ना?" प्रश्न निरागस होता, पण मला बोचला. उत्तरादाखल मी त्याला मिरजेला नेलं, अर्थात गोष्टीतून.

मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. जन्म 1872 चा, उत्तरेतल्या कैरान्याचा. त्यावरूनच त्यांच्या घराण्याला किराणा म्हणतात. घराणं खयालाचं. खयालात शब्द मोजके असतात; एकेक स्वर घेत राग सावकाश उलगडायचा. ठुमरीत शब्दातला भाव निरनिराळ्या अंगांनी रंगवायचा. नाट्यपद नाटकातल्या प्रसंगाला बांधलेलं. कर्नाटक संगीतात मान मोठा तो 'कृती'ला, म्हणजे बांधलेल्या रचनेला.

खाँसाहेबांनी हे फरक पुसले नाहीत, पण त्यांच्या भिंतीही होऊ दिल्या नाहीत. खयालाबरोबर त्यांनी ठुमरी गायली, मराठी पदं गायली. म्हैसूर दरबारात जाणं-येणं झालं, तेव्हा तिथलं संगीत कान देऊन ऐकलं. राम हे ज्यांचं आराध्य, त्या त्यागराजांच्या तेलुगू कृतीचं त्यांचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. खयालात ते सरगम घेत, त्यात जाणकारांना कर्नाटकी वळण दिसतं. नवं घेतलं म्हणून त्यांचा किराणा सुटला नाही. उलट तो अधिक खुलला.

1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर मराठी रंगभूमीवर गाजले आणि 'सवाई गंधर्व' झाले. पुढे त्यांच्याकडे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी शिकले. म्हणजे ज्या भीमसेनांच्या अभंगांनी महाराष्ट्राची सकाळ होते, त्यांच्या गळ्यातली तालीम एका खाँसाहेबांपर्यंत पोहोचते.

1937 मध्ये दक्षिणेतल्या प्रवासात खाँसाहेबांचं निधन झालं. दफन मात्र मिरजेत. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ मैफल होते. सगळ्या धर्मांचे कलावंत तिथे हजेरी लावतात.

गोष्ट संपल्यावर तो मुलगा म्हणाला, "मग सर, गाणं कुणाचं?" मी म्हटलं, "बेटा, जो मेहनत करून शिकतो त्याचं. आणि जो मन लावून ऐकतो, त्याचंही."