यंत्र आपले, किल्ली कोणाची?

कोल्हापूरच्या इतिहासात आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांची नावे आदराने घेतली जातात. चित्रपट दाखविण्याचे यंत्र विकत आणावयाचे, त्याची रचना अभ्यासावयाची आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा घडवावयाचा, असा ध्यास या दोघांनी घेतला होता. आनंदरावांचे १९१६ साली निधन झाले. पुढे बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले आणि त्या घरच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. विकत घेतलेली वस्तू उघडून पाहावी, समजून घ्यावी, हवी तशी वापरावी, हा मालकाचा हक्क त्या काळी कोणी वादाचा विषय केला नव्हता. शिवाजी उद्यमनगरातील कारागिरीही याच हक्काच्या बळावर वाढली. संगणकाच्या बाबतीत मात्र हा हक्क आज गृहीत धरता येत नाही. असे का झाले, हे शिक्षणसंस्थांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

संगणक सुरू करताच प्रथम जागा होतो तो त्याच्या अंगातच बसविलेला एक छोटा कार्यक्रम. त्यास ‘फर्मवेअर’ म्हणतात. यंत्राचे अवयव ठीक आहेत की नाहीत हे पाहून तो तबकडीवरील कार्यप्रणालीस बोलावतो आणि कारभार तिच्या हाती सोपवितो. घराच्या देवडीवरील पहारेकऱ्यासारखेच त्याचे काम. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा त्यातील हा पहारेकरी, म्हणजे ‘बायोस’, येणाऱ्यास नावगाव विचारीत नसे. तबकडीच्या आरंभी जो कार्यक्रम असेल, त्याला तो आत घेई. कंपनीने बायोसची संपूर्ण संहिता आपल्या माहितीपुस्तकात छापलीही होती. या मोकळ्या दारातूनच १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आपली ‘लिनक्स’ प्रणाली साध्या घरगुती संगणकावर चालवून दाखविली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाची जोड तिला मिळाली आणि कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी, वाटावी अशी कार्यप्रणाली जगाच्या हाती आली.

परंतु उघड्या दारातून पाहुण्याबरोबर चोरही शिरतो. १९८६ साली लाहोरमध्ये लिहिला गेलेला ‘ब्रेन’ हा विषाणू तबकडीच्या नेमक्या त्या आरंभीच्या भागातच दडून बसत असे. कार्यप्रणाली जागी होण्यापूर्वीच शत्रू घरात आलेला असे. तेव्हा कुलपाची गरज खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

हे कुलूप २०११ साली ‘सिक्युअर बूट’ या नावाने बायोसची जागा घेणाऱ्या ‘यूईएफआय’ या नव्या फर्मवेअरमध्ये आले. ज्या कार्यक्रमावर ओळखीची अंकीय सही असेल, त्यालाच आता प्रवेश मिळू लागला. पण ओळखीची म्हणजे कोणाच्या ओळखीची? त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट कंपनीने जाहीर केले, की ‘विंडोज ८’चे बोधचिन्ह मिरविणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रात हे कुलूप चालू असले पाहिजे. बाजारातील बहुतेक यंत्रांत त्या कंपनीचीच किल्ली बसविली जाणार होती. ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन’ या संस्थेने जगभर सह्यांची मोहीम काढली. कुलूप मालकाच्या ताब्यात असेल तर ती सुरक्षा; नसेल तर तो निर्बंध, असे तिचे म्हणणे होते.

या वादातून तडजोड निघाली. नेहमीच्या संगणकांवर मालकास कुलूप बंद करता आले पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली. मात्र ‘एआरएम’ जातीच्या प्रक्रियकावर चालणाऱ्या विंडोज यंत्रांत ते बंद करता येता कामा नये, असेही तिनेच ठरविले. फेडोरा प्रकल्पाने मायक्रोसॉफ्टच्या सहीचा एक छोटा मध्यस्थ कार्यक्रम पुढे केला आणि जानेवारी २०१३ मध्ये कुलूप असलेल्या यंत्रांवरही चालणारी आवृत्ती काढली. दार उघडले खरे, पण शेजाऱ्याच्या किल्लीने. २०१५ साली ‘विंडोज १०’ आले आणि कुलूप बंद करण्याची सोय द्यावी की नाही, हे उत्पादकांच्या मर्जीवर सोपविण्यात आले. त्याच वर्षी भारत सरकारने शासकीय कारभारात मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, हेही नोंदविण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. गरीब मुलांसाठी आखलेल्या ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या योजनेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या छोट्या गावातील शाळेत झाला. या योजनेतील ‘एक्सओ’ नावाचे यंत्र लिनक्सवर चाले; तरीही पुढे मोठ्या संख्येने निघालेल्या यंत्रांच्या फर्मवेअरला कुलूप होते. चोरीचे यंत्र चोराच्या उपयोगी पडू नये, हा त्यामागील हेतू. पण दुसरी प्रणाली चालवू इच्छिणाऱ्यास अर्ज करून त्या यंत्रापुरती किल्ली मागून घेता येई. कुलूप आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, ते असे.

या इतिहासाचा आपल्या शाळांशी संबंध काय? ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षादुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आणि नव्या आवृत्तीच्या अटींत असंख्य धडधाकट यंत्रे बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती आणखी काही वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती देता येतात. सी-डॅकने २००७ पासून काढलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली तर मराठीतही चालते. परंतु देणगीत आलेल्या संगणकाच्या फर्मवेअरला जुन्या मालकाचा परवलीचा शब्द असेल आणि तो कोणालाच ठाऊक नसेल, तर चांगले यंत्रही अडगळीत पडते. म्हणून यंत्र विकत घेताना वा देणगी स्वीकारताना तीन गोष्टी पाहाव्यात: परवलीचा शब्द मिळतो का, कुलूप बंद करता येते का, आणि पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू होते का. एवढ्या चौकशीस पंधरा मिनिटे पुरतात.

ज्याच्या घरी संगणक नाही, त्या मुलाला शाळेतील यंत्र हेच एकमेव दार असते. ते उघडण्याची किल्ली शाळेच्याच हाती असली पाहिजे.