न झालेलं वादळ आणि खाडीतली मासळी

६ जून १८८२ ला मुंबईवर चक्रीवादळ आलं आणि एक लाख माणसं दगावली, असं जगातल्या मोठ्या वादळांच्या अनेक याद्यांत छापलेलं आढळतं. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती. म्हणजे आठांतलं एक माणूस गेलं. एवढा कहर झाला असता तर वर्तमानपत्रं, पालिकेचे कागद, बंदरातल्या नोंदी बोलल्या असत्या. अभ्यासकांनी शोधलं, काही मिळालं नाही. दहा वर्षांनी शहराची वस्ती उलट ८,२१,७६४ झालेली दिसते. हे वादळ झालंच नव्हतं!

न झालेल्या वादळाचा आकडा पुस्तकात बसतो आणि झालेल्या वादळात खाडीवर पोट भरणाऱ्यांचं काय गेलं, याची ओळही सापडत नाही. मला हे खटकतं.

आमची किकवी पुणे-सातारा रस्त्यावरची. समुद्र सह्याद्रीपलीकडे, त्यामुळे घरात मासळी म्हणजे बहुतेक सुकट नि बोंबील. तरी भोर तालुक्याचं खाडीशी नातं आहे. वरंधा घाटाच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरेला मिळतो आणि पलीकडचा सावित्रीतून बाणकोटच्या खाडीत जातो.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब पडले. फोटो त्यांचेच आले, आणि ते रास्तच होतं. खाडीतलं नुकसान मात्र फोटोत येत नाही. ते वारा थांबल्यावर सुरू होतं.

आधी समुद्राचं पाणी आत रेटलं जातं, मग डोंगरातला पूर वरून उतरतो. खारेपणा एकदम घसरतो. तळाचा गाळ ढवळतो, मोडलेली पानं-फांद्या पाण्यात कुजतात आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. पोहणारा मासा खाली समुद्राकडे निसटू शकतो. कोळंबीही पुराबरोबर बाहेर ढकलली जाते, म्हणून वादळानंतर कधी कधी खाडीच्या तोंडाशी जाळी चांगली भरतात आणि लोकांना वाटतं, मासळी वाढली. तिसऱ्या आणि कालवं कुठे जाणार? शिंपले मिटून ती काही दिवस तग धरतात. गोडं पाणी रेंगाळलं किंवा वर गाळाचा थर बसला, की मरतात. कांदळवन मोडलं तर पिल्लांचा आसरा जातो, त्याचा फटका पुढच्या हंगामात कळतो.

कधी उलटंही होतं. अलिबाग-पेणकडे खाडीला बांध घालून भातखाचरं केलेली आहेत. वादळात बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं. कागदावर जमीन नापीक. पण त्याच पाण्याबरोबर जिताड्याची पिल्लं आत येतात, आणि जिताडा तळ्यात वाढवायची तिथली रीत जुनी आहे. एकाचं भात गेलं, दुसऱ्याला मासा मिळाला. असा हिशेब कोणत्या रकान्यात लिहिणार?

सरकारी मदतीच्या निकषांत होडी आहे, जाळं आहे. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ ऐन हंगामात आलं, होड्या समुद्रात होत्या, त्यामुळे त्याची नोंद तरी झाली. ओहोटीला चिखलात उतरून हाताने तिसऱ्या वेचणाऱ्या बाईकडे होडी नसते. मग पंचनामा कशाचा करायचा?

रत्नागिरीच्या १८८० च्या गॅझेटियरमध्ये कोकणातल्या मुस्लिम मच्छीमारांची, म्हणजे दालदींची, समाज म्हणून दखल आहे. त्यांच्या खाडीला कोणत्या वादळानंतर किती वर्षं शिंपले आले नाहीत, हे जुन्या माणसांना विचारूनच लिहावं लागेल. विचारताना इंग्रजी तारीख नाही सांगितली तरी चालेल. भरती चंद्रावर चालते आणि हिजरी महिनाही. ‘निसर्ग’ आलं तो १४४१ चा दहावा शव्वाल होता, पौर्णिमा दोन दिवसांवर, उधाण चढत होतं. ‘फयान’च्या वेळी भांगाच्या आसपासचे दिवस होते. एखाद्या आजीने नुसतं “ईदनंतर दहाव्या दिवशी” म्हटलं, तरी त्या दिवशी खाडीत पाणी साधारण कुठवर असेल, ते काढता येतं.