ब्रिटनमधील बेकारभत्ता व ‘कामाचा शोध’

भत्त्याने बेकार मनुष्य आळशी होतो काय, ही शंका ब्रिटनमध्ये १९२१ साली कायद्यातच शिरली. आपण मनापासून काम शोधीत आहोत, हे अर्जदारानेच सिद्ध करावे, अशी अट प्रथम वाढीव भत्त्यास व १९२४ मध्ये सर्वच भत्त्यास लावण्यात आली. १९३० पर्यंत तिच्यापायी सुमारे ३० लक्ष मागण्या फेटाळल्या गेल्या. परंतु खाणींच्या व जहाजबांधणीच्या गावी कामच नव्हते. तेथे कारखान्यांची दारे व्यर्थ ठोठावणे, एवढाच पुरावा उरे. १९३० च्या कायद्याने ती अट रद्द केली. योग्य काम नाकारल्याचे दाखविण्याचा भार अधिकाऱ्यांवर आला. म्हणून फेटाळलेल्या मागण्यांच्या संख्येवरून आळसाचे अनुमान काढणे सयुक्तिक नाही.