व्यावसायिक ट्रायथलीट

व्यावसायिक ट्रायथलीट : पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एका दमात, एकाच घड्याळावर पूर्ण करण्याची शर्यत म्हणजे ट्रायथलॉन, आणि तिच्यावर ज्याचे पोट चालते तो व्यावसायिक ट्रायथलीट. नुसत्या बक्षिसांच्या रकमेवर घर चालवणारा ट्रायथलीट महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण. इथली कारकीर्द नोकरी, प्रायोजक किंवा प्रशिक्षण यांच्या आधाराने उभी राहते, आणि तिचे भवितव्य बहुतेक वेळा लहानपणीच ठरलेले असते : गावात पोहायला पाणी होते की नव्हते, यावर.

खेळ फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगोच्या मिशन बे येथे ‘ट्रायथलॉन’ या नावाची शर्यत झाली. हवाईमधील ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी नौदल अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांच्या कल्पनेतून पहिली आयर्नमॅन शर्यत निघाली. १५ जण उतरले, १२ जण पोहोचले. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांच्या थोडे वर वेळ घेऊन पहिला आला. ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल आणि ४२.१९५ किमी धावणे हे तिचे अंतर आजही तेच आहे. ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉन २००० साली सिडनीत आले. तिथे अंतर बरेच कमी, म्हणजे १.५, ४० आणि १० किमी. आशियाई क्रीडास्पर्धांत ते २००६ च्या दोहा स्पर्धेपासून आहे.

या दोन अंतरांच्या वाटा अगदी निराळ्या. ऑलिंपिकच्या वाटेवर खंडीय चषक, विश्वचषक अशा पायऱ्या चढत मानांकनाचे गुण जमवावे लागतात आणि ते टिकवण्यासाठी देशोदेशी फिरत राहावे लागते. ऑलिंपिकला पुरुष आणि महिला, प्रत्येकी फक्त ५५ जागा असतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत एकाही भारतीय ट्रायथलीटला त्यांतली जागा मिळालेली नव्हती. लांब अंतराच्या शर्यतीत हौशी लोक वयोगटानुसार उतरतात. व्यावसायिक गटासाठी कामगिरीच्या निकषावर वेगळा परवाना मिळवावा लागतो. २०२४ पासून टी१०० ही व्यावसायिकांसाठीची शर्यतमालिका सुरू झाली. तिच्यात २ किमी पोहणे, ८० किमी सायकल, १८ किमी धावणे असते आणि २०२४ मध्ये प्रत्येक मुक्कामाला अडीच लाख डॉलरची बक्षिसे वाटली गेली.

पाण्याचे महत्त्व नियमांतूनच येते. ऑलिंपिक प्रकारात सायकलस्वारांना एकमेकांच्या आडोशाने चालवता येते. पुढच्या घोळक्यात राहिले की वाऱ्याचा मारा बराच कमी बसतो. पोहण्यात अर्धा मिनिट मागे पडलेल्याला तो घोळका एकट्याने, वारा छातीवर घेत गाठावा लागतो. त्यात पुढच्यांनी एक फेरी जास्त मारून त्याला गाठले, तर त्याला शर्यतीतून बाहेर काढले जाते. असा खेळाडू कितीही चांगला धावणारा असला तरी त्याची धाव कोणी पाहतच नाही.

जालना जिल्ह्यासारख्या ठिकाणची अडचण इथेच आहे. या भागात चिवट पायांची वाण नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर धावपटू झाला आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. अंबड, परतूर, भोकरदनकडच्या रस्त्यांवर सायकल मनसोक्त चालवता येते. पोहणे मात्र विहिरीत शिकायचे. पाठीला रिकामा डबा बांधून पोराला कठड्यावरून ढकलले जाते. चार दिवसांत डबा सुटतो आणि पोर मुटका मारू लागते. पाण्याची भीती घालवायला याहून चांगली शाळा नाही. पण विहिरीत डोके वर ठेवून, पाय खाली सोडून पोहायची सवय लागते आणि आठ-दहा हात मारले की समोर काठ येतो. शर्यतीत तोंड पाण्यात ठेवून, शरीर आडवे तरंगते ठेवून, दीड किलोमीटर न थांबता कापायचे असते. दहाव्या वर्षी अंगात न बसलेली ही ढब विसाव्या वर्षी बसवणे फार जड जाते. शिवाय उन्हाळ्यात विहिरीच आटतात. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता; मोसंबीच्या बागा वाळल्या, शहर टँकरवर जगले. जिथे हंड्यासाठी रांग लागते तिथे ५० मीटरच्या तलावाची मागणी कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न खरा आहे. तरीही ती केली पाहिजे असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण त्याशिवाय इथला मुलगा किंवा मुलगी या खेळात पहिल्या टप्प्यातच मागे पडते.

महाराष्ट्रातील ठळक नावेही पाण्यातूनच आलेली दिसतात. पुण्याचे डॉ. कौस्तुभ राडकर मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू. त्यांनी २००८ मध्ये अॅरिझोना येथे पहिली आयर्नमॅन पूर्ण केली, पुढे अशा वीसहून अधिक शर्यती केल्या आणि प्रशिक्षण हाच व्यवसाय केला. मिलिंद सोमण हेही तरुणपणी राष्ट्रीय विजेते जलतरणपटू होते. २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी झ्युरिकची आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पुरी केली आणि या खेळाचे नाव मराठी घरांत पोहोचले. ते हौशी गटातले, पण त्यांच्यामुळे अनेकांनी सायकली बाहेर काढल्या. गोव्यात २०१९ पासून अर्ध्या अंतराची आयर्नमॅन ७०.३ होऊ लागली, तेव्हा परदेशवारीचा खर्चही वाचला. निखळ स्पर्धात्मक बाजू पाहायची तर २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत महिलांचे वैयक्तिक सुवर्ण डॉली पाटील आणि रौप्य मानसी मोहिते यांनी महाराष्ट्राला मिळवून दिले.

सरावात आठवड्याला वीस-पंचवीस तास जातात. त्यातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावणे. पहिला अर्धा किलोमीटर पाय आपले नसल्यासारखे वाटतात. मांड्या सायकलचीच लय धरून बसलेल्या असतात. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्याचाही वेगळा सराव असतो. पाण्यातून आल्यावर आधी हेल्मेट डोक्यावर, त्याचा पट्टा हनुवटीखाली खटकन लागलेला, मगच सायकलला हात. क्रम चुकला की दंड. बूट पेडललाच अडकवून ठेवलेले असतात. ते जमिनीवर घासू नयेत म्हणून रबरबँडने सांगाड्याला बांधतात. पहिल्याच पेडलला रबर तुटते आणि ओले पाय चालत्या सायकलवर आत सरकवायचे असतात. बोटे थरथरत असताना हे सगळे काही सेकंदांत व्हावे लागते.

पैशाचे गणित अवघड आहे. स्पर्धेच्या दर्जाची सायकल काही लाखांना पडते. आहार, फिजिओथेरपी, प्रवेशशुल्क आणि विमानात सायकल नेण्याचे भाडे वेगळे. म्हणून सेनादलाची नोकरी किंवा खेळाडूंसाठी राज्य शासनाने ठेवलेले ५ टक्के आरक्षण हाच बहुतेकांचा आधार असतो. कमी अंतराच्या शर्यतीत बहुतेकांचा भर पंचविशी-तिशीत असतो. त्यानंतर काही जण लांब अंतराकडे वळतात, जिथे चिकाटी वेगावर मात करते, आणि बरेच जण शिट्टी गळ्यात घालून तलावाच्या काठावर उभे राहतात.