सुटा भाग मिळाला, पण तो वेळेवर सुटेल का? तारापूरच्या सुट्या भागांचा इतिहास वाचताना

पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली आमचं सिद्धेश्वर. दोन्ही धरणं साधारण १९६८ च्या आसपासची. येलदरीच्या पायथ्याला २२.५ मेगावॅटचं वीजकेंद्रही तेव्हाच आलं. त्याच सुमारास समुद्रकाठी तारापूरला दोन अणुभट्ट्या पुऱ्या होत होत्या. ही सगळी एका पिढीची यंत्रं, आणि म्हातारीही बरोबरच झाली. त्यांची उद्घाटनं पुस्तकात सापडतात. तिसाव्या वर्षी एक रिले बदलायला कोण कुठं धावलं, हे मात्र सहसा सापडत नाही. संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांनी ही रिकामी जागा जरूर बघावी.

तारापूरचा करार १९६४ चा. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं भट्ट्या बांधून दिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ ला व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. इंधन अमेरिकेचं, नकाशे अमेरिकेचे, म्हणजे सुटे भागही ओघानं तिथलेच. मग १९७४ ची पोखरण चाचणी झाली. १९७८ मध्ये अमेरिकेनं नवा कायदा केला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली नाहीत, त्याला अणुसाहित्य द्यायचं नाही. इंधनावरून मोठं राजकारण झालं, १९८२ मध्ये फ्रान्स पुढं आला, आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं. सुट्या भागांवर त्या मानानं फारच कमी.

आता जरा तंत्राकडे वळू, कारण ते न समजता हा इतिहास लिहिला तर तो नुसता परराष्ट्र धोरणाचा इतिहास होतो. भट्टी आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेत त्या काळी रिले असत. त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं विजेवर ओढून धरलेले. तापमान, दाब किंवा पातळी हद्दीबाहेर गेली की वीज तुटते, रिले सुटतो आणि भट्टी बंद होते. वीजच गेली तरीही बंदच होते, म्हणून ही रचना सुरक्षित. पण ज्या रिलेला सुटायचंच काम आहे, तो वीस वर्षं गरम गुंडाळी घेऊन चिकटून बसलेला असतो. बाहेरून बघाल तर ठणठणीत. त्याचं म्हातारपण कळतं ते नेमकं गरजेच्या क्षणी.

ही कल्पनेतली भीती नाही. मार्च १९८४ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगानं जनरल इलेक्ट्रिकच्याच एचएफए जातीच्या रिलेंबद्दल सूचनापत्र काढलं. सतत विजेवर राहणाऱ्या रिलेंची प्लास्टिकची रिळं उष्णतेनं खराब होत होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये आणखी एक सूचनापत्र निघालं: जुने सर्किट ब्रेकर डागडुजी करून नवे म्हणून विकले जात होते. म्हणजे ज्या देशावर कुणाची बंदी नव्हती, तिथंही खरा आणि विश्वासाचा सुटा भाग मिळवणं हे दिव्यच होतं. तारापूरची अडचण बंदीमुळं वाढली हे खरंच, पण सगळी अडचण बंदीचीच होती असं लिहिणं भाबडेपणाचं होईल.

आता १९८३ घ्या. माझ्या मते हे या गोष्टीतलं सगळ्यात बोलकं वर्ष. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले आणि तारापूरला सुटे भाग मिळवून देण्याची तयारी त्यांनी जाहीर केली. युक्तिवाद सुरक्षेचा होता: भाग मिळाले नाहीत तर धोका कामगारांना. तिकडं अमेरिकी काँग्रेसमध्ये विरोधही झाला, कारण कायदा वाकवल्यासारखं होत होतं. एखादा व्हॉल्व्ह किंवा मोजमापाचं उपकरण म्हणजे अणुमदत, की माणुसकीची मदत? या प्रश्नाचं उत्तर ज्या टेबलावर ठरत होतं, तिथं तारापूरचा तंत्रज्ञ बसलेला नव्हता.

आपल्याकडच्या कागदांत ही कहाणी ‘स्वदेशीकरण’ या एका शब्दात मिटते. हैदराबादचं इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन १९६७ पासून होतं, भाभा केंद्र होतं, कारागीरही होते. भाग बनवता येत होते, यात शंका नाही. पण मापात बसणारा भाग आणि भरवशाचा भाग यांत मोठं अंतर आहे. नवा रिले किती व्होल्टला ओढतो आणि किती व्होल्टला सुटतो, किती मिलिसेकंदांत सुटतो, संपर्काचा रोध किती, गरम कपाटात महिनोन्‌महिने ठेवल्यावर हेच आकडे किती सरकतात, भूकंपासारखे हादरे दिल्यावर तो उगाच थरथरतो का, हे सगळं तपासावं लागतं. शिवाय मूळ कंपनीनं कुठल्या कसोट्या लावल्या होत्या, तेही आधी शोधावं लागतं. तुम्ही या विषयावर काम कराल तर ‘भाग कुणी बनवला’ यापेक्षा ‘भाग पास कुणी केला’ हा प्रश्न घेऊन जा.

कधीकधी उत्तर असं निघतं की भाग बदललाच नाही. तारापूरच्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा ती जनित्रं वेगळी काढली गेली आणि प्रत्येक भट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आणली. पन्नास मेगावॅट सोडून देणं हीसुद्धा सुट्या भागाची किंमतच. फक्त ती भांडाराच्या वहीत दिसत नाही.

शेवटी तारखांबद्दल एक इशारा. १९९८ च्या चाचण्यांनंतर तारापूर पुन्हा अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेलं आणि ऑगस्ट २००५ मध्ये त्यातून निघालं. त्यानंतर लगेच, २००५-०६ मध्ये, दोन्ही भट्ट्या बंद ठेवून मोठ्या सुधारणा झाल्या: नवे आणीबाणीचे डिझेल जनित्रसंच, पर्यायी नियंत्रण कक्ष, दोघींच्या सामायिक यंत्रणा वेगळ्या करणं. दोन तारखा शेजारी बघून ‘निर्बंध उठले म्हणून सुधारणा झाल्या’ असं वाक्य हातून सहज निघतं. पण त्या सुधारणांमागचा अणुऊर्जा नियामक मंडळाचा सुरक्षा आढावा निर्बंध उठण्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. मंडळाचे वार्षिक अहवाल छापील आहेत, संसदेतली प्रश्नोत्तरं मिळतात, आणि निवृत्त तंत्रज्ञ बोलायला तयार असतात. त्यांना बंदीबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, कपाटात ठेवलेले किती रिले त्यांनी नापास केले होते.