मिसरूड आणि वेस

वयात येणाऱ्या मुलांचा राग, त्यांची भीती आणि कुणीतरी आपल्याला आपले म्हणावे ही ओढ मराठी कादंबरीत शहरातल्या शाळा-कॉलेजांतून आली, असे सर्रास मानले जाते. साताऱ्या-सांगलीकडचे लेखन समोर ठेवले की हे पटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) राजाराम सौंदणीकर औंध संस्थानातला मास्तर आहे. औंध आज साताऱ्यात, माडगूळकरांचा आटपाडी तालुका सांगलीत; तेव्हा दोन्हींवर राज्य एकाच पंतप्रतिनिधींचे. हा पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो आणि त्याला धास्ती असते ती वाडी आपल्याला सामावून घेईल की नाही याची. एका चोळीवरून वाडीचा कारभारी त्याच्यावर संशय घेतो, तेव्हा त्याची झालेली घालमेल वाचावी. पुढे तो वाडीकडून तालीम बांधून घेतो, खुद्द राजेसाहेब येतात. यात समाजसुधारणा आहेच, पण मला त्यात वाडीचा होऊ पाहणाऱ्या पोराची धडपड जास्त दिसते.

यावर कुणी म्हणेल, पंधराव्या वर्षी औत धरणाऱ्या पोराला कसले आले कुमारवय? आक्षेप वजनदार आहे, पण अर्धाच. मोठ्यांचे काम अंगावर पडले म्हणून मन मोठ्यांचे होत नाही. उलट हातात पगार आहे पण गावात पत नाही, अशी फट पडते. खुद्द माडगूळकर बेचाळीसच्या चळवळीत पडले तेव्हा पंधरा वर्षांचे होते. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी ‘फकिरा’त (१९५९) या वयाचा राग मांडला, तोही घराविरुद्ध नव्हे. फकिराचा बाप राणोजी गावासाठी जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणताना मारला जातो. ज्या मांगाचे घर गावाने बाहेर ठेवले, त्यानेच गावच्या मानासाठी शिर दिले, आणि वाढत्या वयात फकिराही तीच जोगणी राखायला उभा राहतो. अन्यायाची चीड आणि गावाची माया त्याच्यात अशी गुंतलेली आहे की वेगळी काढता येत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागतो: हे सगळे पोरांचे झाले. चोळीच्या त्या प्रकरणात कारभाऱ्याची मुलगी अंजीही आहे. पण गोष्ट मास्तर सांगतो, त्यामुळे ती त्याला दिसते तेवढीच आपल्याला दिसते; बापाचा संशय तिने कसा सोसला, हे कळायला वाट नाही.