वेलगुलाबाची वंशकथा

घराच्या दर्शनी भिंतीवर किंवा फाटकाच्या कमानीवर चढविलेला गुलाब पाहिला म्हणजे तो अनादि काळापासून असाच चढत आणि असाच बारमहा फुलत आला असावा, असें पाहणाऱ्यास सहज वाटतें. वस्तुस्थिति मात्र अगदीं निराळी आहे. उंच चढणें आणि वर्षभर फुलणें हे दोन गुण निसर्गानें एका झाडांत सहसा नांदूं दिलेले नाहींत. ज्या गुलाबांस उंचीची हांव, त्यांस फुलण्याची घाई नसते. आणि जे सदा फुलतात, ते बहुधा कमरेइतक्या उंचीवरच थबकतात. या दोन गुणांचा मेळ घालण्यासाठीं मनुष्यानें जो खटाटोप केला, त्याचा इतिहास सुमारें दोनशें वर्षांचा आहे. तो केवळ कुतूहलाचा विषय असता तर त्याकडे दुर्लक्ष करूनहि चाललें असतें. परंतु वेलगुलाबाच्या फांदीवर कात्री केव्हां आणि कोठें चालवावी, या प्रश्नाचें उत्तर त्या झाडाच्या वंशावळींतच दडलेलें आहे. आणि ती वंशावळ ठाऊक नसल्यामुळें किती तरी बागांतून फुलें उमलण्यापूर्वींच नाहींशीं होतात.

आरंभींच एक गैरसमज दूर केला पाहिजे. वेलगुलाब हा खऱ्या अर्थानें वेल नव्हे. द्राक्षाच्या किंवा काकडीच्या वेलास असतात तसे ताणे त्यास नसतात; गारवेलीप्रमाणें आधाराभोंवती पिळे घालण्याची कलाहि त्यास येत नाहीं. त्याच्यापाशीं असतात ते कांटे. हे कांटे लाकडांतून निघालेले नसून सालीवरची वाढ असतात, म्हणून ते बोटानें दाबले असतां सहज निखळतात. त्यांचीं टोकें बहुधा खालच्या बाजूस वळलेलीं असतात. रानांत गुलाबाची लांब, लवचिक फांदी शेजारच्या झाडांत शिरते, कांटा एखाद्या डहाळीस अडकतो, आणि फांदी मागें न सरकतां पुढें वाढत राहते. बागेंतल्या गुळगुळीत भिंतीवर या कांट्यांस धरावयास कांहींच नसतें; म्हणून तेथें माळ्याच्या हातांतील सुतळीस त्यांचें काम करावें लागतें.

आपल्या देशांत असा चढणारा गुलाब प्राचीन काळापासून आहे. हिमालयाच्या उतारांवर पांढऱ्या, सुवासिक फुलांच्या घोसांनीं मोठमोठीं झाडें झांकून टाकणारा जो गुलाब आढळतो, त्यास तिकडे कूजा म्हणतात. वैद्यक निघंटूंतील ‘कुब्जक’ तो हाच, किंवा याचाच निकटचा आप्त, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. परंतु हा गुलाब वर्षांतून एकदांच फुलतो. युरोपांतील रानांत सरपटणारे गुलाबहि तसेच. त्या खंडांत शरद् ऋतूंत दुसऱ्यांदा फुलणारी दमास्कस गुलाबाची एक जात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस बहरणारा कस्तुरीगंधी गुलाब हे सोडले, तर अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत गुलाबाचा बहर ही चार-सहा आठवड्यांची चैन होती.

चीनमध्यें स्थिति निराळी होती. तेथील माळ्यांनीं शेंकडों वर्षांपूर्वींच महिन्यामागून महिने फुलणारा गुलाब बागेंत रुजविला होता, आणि त्याचें चिनी नांवहि या मासिक बहरावरूनच पडलें आहे. गंमत अशी कीं, या बुटक्या झुडुपाचा रानटी पूर्वज मात्र उंच चढणारा आणि एकदांच फुलणारा आहे. हा रानगुलाब १९८३ सालीं मिकिनोरी ओगिसू या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञास सेचुआन प्रांतांत आढळला. मग चढणाऱ्या पूर्वजाचा वंशज बुटका कसा झाला? याचें उत्तर २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दिलें आहे. रानगुलाबांत फुलण्याची क्रिया रोखून धरणारें एक जनुक असतें. त्याच्या अमलाखालीं नवी फांदी पहिल्या वर्षीं केवळ लांब वाढते, आणि पुढच्या वसंतांत तिच्या अंगावर फुटलेल्या आंखूड डहाळ्यांस फुलें येतात. चिनी सदाफुल्या गुलाबांत या जनुकाच्या मध्यें एक परका तुकडा येऊन बसला आहे, व त्यामुळें तें निकामी झालें आहे. लगाम सुटल्यामुळें प्रत्येक फांदी थोडी वाढते न वाढते तोंच तिच्या टोकास कळी येते, आणि कळी आली कीं तिची वाढ खुंटते. म्हणजे सदा फुलणें आणि बुटकें राहणें हीं एकाच कारणाचीं दोन कार्यें होत. पुढें कधीं हा परका तुकडा बहुतांशीं गळून पडला, तर तेंच झुडूप पुन्हां वेलासारखें चढूं लागतें, आणि बारमहा बहर गमावून बसतें. जुन्या माळ्यांनीं हा व्यापार अनुभवानें ओळखला होता; शास्त्रानें त्याचें कारण सांगितलें.

चिनी गुलाबांपैकीं चार वाण युरोपांत पोंचले, आणि त्यांनीं तेथील गुलाबांचें कुळ पालटून टाकलें. १७९२ सालीं एक तांबडा, १७९३ सालीं एक गुलाबी, १८०९ सालीं चहासारख्या गंधाचा एक फिकट गुलाबी, आणि १८२४ सालीं एक पिवळा, असा त्यांचा क्रम लावतात. त्यांचीं नांवें इंग्रजांनीं ठेविलीं तीं स्लेटर, पार्सन्स, ह्यूम, पार्क्स अशा आपल्याच मंडळींवरून! यांतील पहिला गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक होता. चीनच्या वाटेवरील जहाजें कलकत्त्यास थांबत, आणि १७८७ सालीं स्थापन झालेली तेथील वनस्पतिबाग ही अशा रोपांचें विश्रांतिस्थान होती. त्यामुळें फ्रेंच लोक चिनी गुलाबास कित्येक वर्षें ‘बंगालचा गुलाब’ म्हणत राहिले. ज्या बंदरांतून माल आला तें बंदरच मालाचें जन्मस्थान मानण्याची व्यापाऱ्यांची ही संवय जुनीच आहे. ज्या कँटनच्या माळ्यांनीं हे वाण पिढ्यान् पिढ्या जतन केले, त्यांचीं नांवें मात्र या नामावळींत कोठेंच नाहींत.

चिनी बहर आणि पश्चिमेची उंची यांचा पहिला फलदायी विवाह घडला तो अमेरिकेंत. दक्षिण कॅरोलायनांतील चार्ल्सटन शहराजवळ जॉन चॅम्पनी नांवाचा एक भातशेतीचा मालक राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमारास त्याच्या बागेंत पार्सन्सच्या गुलाबी चिनी गुलाबाचा आणि कस्तुरीगंधी गुलाबाचा संकर होऊन एक नवा उंच गुलाब निपजला. त्याचा शेजारी फिलिप न्वाझेत हा फ्रेंच रोपवाटिकावाला होता. त्यानें या गुलाबाच्या बियांपासून पुढची पिढी वाढविली आणि ती पॅरिसला आपला भाऊ लुई याजकडे पाठविली. ही दुसरी पिढी उंचीनें कांहीं कमी, पण पुन्हां पुन्हां फुलणारी निघाली, आणि ‘न्वाझेत’ या कुळनांवानेंच ती प्रसिद्ध झाली. सदाफुलेपणा हा दबून राहणारा गुण आहे; पहिल्या संकरांत तो बहुधा लपतो आणि पुढच्या पिढींत प्रगट होतो. म्हणून पहिल्या संकरावर जे संतुष्ट राहिले नाहींत, त्यांच्याच पदरांत यश पडलें. या कथेस एक काळी बाजूहि आहे. सांतो दोमिंगो बेटावरील क्रांतीच्या धामधुमींत फिलिप चार्ल्सटनला आला, तेव्हां त्याच्यासह आलेली सेलेस्टीन ही त्याच्या मुलांची आई त्या प्रांताच्या कायद्यानें त्याची दासीच ठरली, आणि मुलेंहि दास ठरलीं. ज्या भूमींत हा कोमल गुलाब जन्मास आला, तिची सुबत्ता कोणाच्या श्रमावर उभी होती, हें त्याच्या सुगंधांत विसरतां कामा नये.

पुढें फ्रान्समध्यें न्वाझेत कुळाशीं पार्क्सच्या पिवळ्या गुलाबाच्या वंशाचा संबंध जुळला. १८३० सालचा ‘लामार्क’, १८५३ सालचा ‘दिजोंचें वैभव’ या नांवाचा गुलाब, आणि १८६४ सालचा ‘मारेशाल नील’ हे या शाखेचे मानकरी. शेवटच्यास १८५९ सालच्या सोल्फेरिनोच्या लढाईंत गाजलेल्या एका फ्रेंच सेनापतीचें नांव दिलेलें आहे. आपल्याकडे तो ‘मार्शल नील’ म्हणून ओळखला गेला. पिवळ्या, जड, खालीं मान घालणाऱ्या फुलांचा हा वेल इंग्लंडच्या थंडीस टिकेना, म्हणून तेथील हौशी लोकांनीं त्याच्यासाठीं कांचेचीं घरें बांधलीं. हिंदुस्थानांत त्यास अशा लाडांची गरज भासली नाहीं, आणि साहेबांच्या बंगल्यांवरून तो येथील बागांत उतरला.

वेलगुलाबाची दुसरी शाखा जपानहून आली. लहान फुलांचे दाट घोस धारण करणारा एक तांबडा वेल १८९३ सालीं इंग्लंडच्या बाजारांत आला आणि कांहीं वर्षें त्यानें सर्वांस वेड लाविलें. जपानच्याच दुसऱ्या एका सरपटणाऱ्या जातीपासून १९१० सालीं अमेरिकेंत ‘डॉक्टर व्हॅन फ्लीट’ हा फिकट गुलाबी वेल निघाला. तो एकदांच फुले. परंतु त्याची एक फांदी आपणहून पालटली आणि वारंवार फुलूं लागली. तिची कलमें ‘न्यू डॉन’ म्हणजे ‘नवी पहांट’ या नांवानें १९३० सालीं विक्रीस आलीं, आणि १९३१ सालीं अमेरिकेच्या सरकारानें वनस्पतींवरील एकस्वाचा जो पहिला क्रमांक दिला, तो याच गुलाबास. येथें थोडा विचार करण्यासारखा आहे. शेंकडों वर्षें निवड करून ज्यांनीं सदाफुलेपणा टिकविला, त्या चिनी माळ्यांस साधें स्मरणहि लाभलें नाहीं; आणि झाडानें स्वतः केलेला पालट ज्याच्या दृष्टीस पडला, त्यास मात्र तो गुण कायद्यानें आपला म्हणतां आला. निरीक्षण करणाऱ्याचें श्रेय कोणी नाकारूं नये. पण बागेंतील बहुतेक संपत्ति ही अनेक अनामिकांची ठेव आहे, हें जाणल्यावांचून श्रेयाचा हिशेब पुरा होत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८८२ सालीं सर जॉर्ज वॉट यांस मणिपूरच्या डोंगरांत एक अजस्र गुलाब आढळला. त्याचा वेल वृक्षांच्या शेंड्यांपर्यंत चढतो आणि त्याचें फूल तळहाताएवढें असतें. चहाच्या गंधाच्या चिनी गुलाबांचा हाच एक पूर्वज होय. म्हणजे युरोपानें ज्या नाजूक गुलाबांचें कौतुक केलें, त्यांच्या रक्तांत आमच्या पूर्वसीमेवरच्या रानाचा अंश आधींच होता. थंड देशांसाठीं तयार केलेले गुलाब उष्ण प्रदेशांत लवकर थकतात, हें ओळखून कोडाईकनाल येथील विरु आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्यानें मणिपूरच्या या गुलाबाचे नवे संकर केले. त्यांतील एकास वॉट यांचेंच नांव दिलें आहे. परदेशी नामावळ्या पाहून रोपें मागविण्याच्या संवयीस हें उत्तम उत्तर आहे.

एवढा इतिहास सांगण्याचें प्रयोजन आतां स्पष्ट होईल. पावसाळा संपला कीं आश्विनाच्या सुमारास झुडुपी गुलाब छाटण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि त्या गुलाबांस ती मानवते. कारण त्यांच्यांतील चिनी रक्तामुळें नव्या फुटीच्या टोकास लगेच कळी येते. परंतु एकदांच फुलणाऱ्या वेलावर हीच कात्री चालविली, तर पुढच्या वसंतांत ज्या फांद्यांवर फुलें यावयाचीं, त्याच कापल्या जातात; मग झाड हिरवेंगार दिसतें, आणि मालक खतास किंवा पाण्यास दोष देत बसतो. अशा वेलाची छाटणी बहर सरल्यावर लगेच करावी, आणि फुलून गेलेलें जुनें लांकूड बुडाशीं काढून नव्या फांद्यांस जागा द्यावी. वारंवार फुलणाऱ्या वेलाच्या मुख्य फांद्या राखून त्यांच्या बाजूच्या डहाळ्या तेवढ्या दोन-तीन डोळ्यांवर आणाव्या. झुडुपापासून पालटून वेल झालेल्या जातीस तर पहिलीं दोन वर्षें कात्री लावूंच नये. बुडाशीं छाटल्यास ती पुन्हां झुडूप होऊन बसते, असा अनेकांचा अनुभव आहे.

फांद्या बांधण्याचेंहि असेंच आहे. सरळ उभ्या फांदीचा शेंडा खालच्या डोळ्यांस दाबून ठेवतो, म्हणून फुलें केवळ माथ्यावर, शेजाऱ्याच्या गच्चीस दिसतील अशीं येतात. तीच फांदी आडवी किंवा कमानीसारखी वांकवून बांधली, म्हणजे शेंड्याचा अंमल ढिला पडतो आणि ठिकठिकाणचे डोळे फुटून सबंध फांदी फुलते. डोळा भरलेल्या जागेच्या खालून जी जोमदार फूट येते, ती मात्र वेलाची नसून खुंटाची असते. तिच्या उंचीस भुलून ती राखणें म्हणजे पाहुण्यासाठीं यजमानास उपाशी ठेवणें होय. ती मुळाशींच उपटून काढावी.

म्हणून गुलाब विकत घेतांना त्याच्या रंगाइतकीच त्याच्या कुळाची चौकशी करावी. तो एकदां फुलणारा कीं पुन्हां पुन्हां, जन्मतः वेल कीं झुडुपाचा वेल झालेला, एवढें विचारलें तरी पुष्कळ निभावतें. विकणाऱ्यास तें सांगतां आलें नाहीं, तर एक वर्षभर कात्री बाजूस ठेवून झाडाकडेच पाहावें. जुन्या लांकडावर फुलतें कीं नव्या फुटीवर, तें झाड स्वतःच सांगतें. चीनच्या माळ्यांनीं आपली विद्या अशा पाहण्यांतूनच मिळविली असली पाहिजे. त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. परंतु आपल्या अंगणांतला वेल ऐन भाद्रपदांत दुसऱ्यांदा फुलूं लागला, तर त्यांच्या त्या विद्येचा अंश तेथें नांदत आहे, असें समजावें.